मदत हवी आहे: सीडी वाजते, डीव्हीडी टाकली की 'नो डिस्क'
डीव्हीडी प्लेअर, पिकअप (लेझरने डिस्क वाचणारा भाग) केएचएम-३१३ (दुकानात याला नुसतं 'लेन्स' म्हणतात). सीडी नीट वाजते. डीव्हीडी टाकली की लेन्स दोन-तीनदा वर-खाली होते, डिस्क जरा गिरकी घेते आणि थांबते. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०चा, म्हणजे लाल. म्हणून संशय लाल लेझर डायोडवर.

प्लग काढून आधी एसएमपीएसच्या (प्लेअरच्या पॉवर सप्लायच्या) मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावला. २३० व्होल्टवर तो सुमारे ३२५ व्होल्टला चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ झटका देऊ शकतो. प्लग परत लावल्यावर ५ व्होल्टची लाइन ४.९५ दाखवते, कपॅसिटर फुगलेले नाहीत. लेन्स ९९ टक्के आयसोप्रोपिलने, कापूस जेमतेम ओला करून पुसली. फरक शून्य.

आता पिकअप बदलायचा आहे. नव्यावर स्टॅटिकपासून बचावासाठी सोल्डरचा ठिपका असतो. तो फ्लेक्स केबल बसवल्यावरच काढायचा, इथवर ठीक. पण शेजारचं पॅड न उखडता तो कसा काढता? विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) की सकर (सोल्डर ओढणारा पंप)? सोल्डरिंग आयर्नचं टोक किती जाडीचं, तापमान किती?

प्रीसेट (पिकअपवरचा लेझरचा करंट ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवायचा सल्ला कृपया नको. करंट वाढून चार दिवस चालतं, मग डायोड कायमचा जातो.