बहिणीचे कष्ट आणि तिची अखेरची वर्षे : आपापल्या आठवणी लिहाव्यात

पूर्वभाग सोलापूर

गेल्या आठवड्यात मी स्वतःचा हयातीचा दाखला मोबाइलवरून भरत होतो. चेहरा चौकटीत धरून डोळे मिचकावण्याची सूचना आली आणि माझा हात तिथेच थांबला, कारण २०२२च्या नोव्हेंबरमध्ये हीच सूचना मी माझ्या अक्काला वाचून दाखवली होती. दाखला तसाच अर्धवट ठेवून हे लिहायला बसलो आहे.

आमच्या घरात तेलुगू बोलली जाते. वडील यंत्रमागावर चादरी विणत, आई विड्या वळत असे. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिची चौथीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आईने तिच्या मांडीवर सूप ठेवले आणि ते पुढची पन्नास वर्षे तिथून उतरले नाही. मला ती ‘तम्मुडू’ म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. माझे नाव तिने कधी घेतल्याचे मला आठवत नाही. मी शिकलो तो आईच्या विडी कामगार कार्डावर मिळालेल्या शिष्यवृत्तीवर आणि अक्काच्या बोटांवर.

रात्री तेंदूची पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, पहाटे जाड शिरा टाळून पत्र्याच्या मापाने ती कापायची, मग सूप मांडीवर घेऊन पानात तंबाखू पसरायची, पान वळायचे, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि तोंड नखाने आत दुमडायचे. मी शेजारी बसून पाढे पाठ करत असे. एकोणतिसाचा पाढा मी संपवीपर्यंत तिची एक विडी होई, आणि मी अडखळलो की ती हात न थांबवता पुढचा आकडा सांगे. चौथीनंतर शाळेत न गेलेल्या माझ्या बहिणीला तिसापर्यंतचे सगळे पाढे माझ्याबरोबर पाठ झाले होते. हजार विड्या भरल्या की त्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे तपासणारा मूठ-दोन मुठी विड्या खराब म्हणून बाजूला काढी आणि त्यांचे पैसे मिळत नसत. मिळालेली पाने पुरली नाहीत, तर ती पदरच्या पैशाने बाजारातून आणावी लागत. हे मी तक्रार म्हणून नव्हे, तिचा दिवस कसा जाई ते कळावे म्हणून लिहितो आहे.

भावोजी लवकर गेले. दोन मुलगे तिने याच कामावर वाढवले, आणि २००६मध्ये कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली तेव्हा त्यांतले एक घर तिचे झाले. हप्ते फेडल्याच्या पावत्या तिने डब्यात घालून ठेवल्या होत्या. मला तो डबा ती दर भेटीत उघडून दाखवी.

तिने आयुष्यात विडी ओढली नाही. तरी साठीच्या आत तिला दम लागू लागला. डॉक्टरांनी तंबाखूच्या धुळीचे नाव घेतले. शेवटची तीन वर्षे तिच्या उशाशी ऑक्सिजनचे यंत्र होते, आणि वीज गेली की घरातला प्रत्येक जण घड्याळाकडे पाही. ती झोपत नसे, भिंतीला टेकून बसून रात्र काढी.

तिचे निवृत्तिवेतन महिन्याला हजार रुपये होते. ते तिचे स्वतःचे होते, म्हणून तिला त्याची फार अपूर्वाई. एका वर्षी मात्र हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर तिचा ठसा उमटेना. पन्नास वर्षे पान आणि तंबाखू चोळून बोटांच्या टोकांवरच्या रेषाच राहिल्या नव्हत्या. खिडकीवरच्या माणसाने तिला तीनदा हात धुऊन यायला सांगितले, दहाही बोटे लावून पाहिली आणि परत पाठवले. पाच महिने पैसे बंद राहिले. त्या दिवशी रिक्षात ती एवढेच म्हणाली, “तम्मुडू, हातच नाही म्हणतात रे.”

पुढे चेहऱ्यावरून दाखला निघू लागला. त्या नोव्हेंबरमध्ये मी फोन घेऊन गेलो, तेव्हा तिने सुनेकडून केस विंचरून घेतले, कुंकवाच्या जागी काळी टिकली लावली, पदर सारखा केला आणि नाकातली नळी काढून ठेवली. सरकारच्या कागदावर नळी दिसायला नको, असे तिचे म्हणणे होते. मी नको म्हणालो, सून नको म्हणाली. तिने ऐकले नाही. मी सूचना वाचली, तिने लहान मुलासारखे दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले, आणि दाखला झाला. त्यानंतर तिचा श्वास जागेवर यायला पाऊण तास लागला. तो दाखला वर्षभर चालणारा होता. अक्का फेब्रुवारीत गेली.

आपणही आपापल्या बहिणींविषयी लिहावे.

पळसफूल

तुमची अक्का ज्या पानात विडी वळत होती, ते पान तोडणारी माझी बाई होती. आमच्याकडे गडचिरोलीत थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मे महिन्यात ती पहाटे तीनला बॅटरी घेऊन जंगलात जाई, दहाच्या आत डोक्यावर गाठोडे घेऊन परत येई, आणि मग सारे घर अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधी. संध्याकाळी ते फळीवर मोजून द्यायचे. पुडक्यात एखादे पान कमी निघाले, तर बाईला रात्री झोप लागत नसे. शेवटच्या दोन वर्षांत तिचे गुडघे गेले आणि जंगल सुटले. तेव्हा ती अंगणातल्या जांभळाखाली बसून आमच्याच नव्हे, शेजारच्या दोन घरांचेही पुडके बांधून देत होती. पान हातात घेतले की ते कोणत्या बाजूच्या जंगलातले आहे, हे ती सांगत असे. ती गेली त्या मे महिन्यात आम्ही पानाला गेलोच नाही.

मोगरा

स्वयंपाक चालू असताना वाचायला घेतले आणि भाजी लागली. गॅस बंद करून आधी नाशिकला ताईला फोन लावला. ती कामात होती, “संध्याकाळी बोलू गं” म्हणाली. सविस्तर नंतर लिहीन.

लालबागची लेक

माझी थोरली बहीण लालबागला खानावळ चालवत होती. खोली दहा बाय बाराची, जेवणारे गिरणी कामगार पस्तीस, सगळे पाळ्यांवर कामाला जाणारे, त्यामुळे चूल पहाटे चारला पेटे ती रात्री अकराला विझे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. पहिले तीन महिने तिने सर्वांना उधारीवर जेवू घातले, कारण इतकी वर्षे जेवलेल्या माणसाला ताटावरून उठवायचे कसे, असे ती म्हणे. मग एकेक जण गावाकडे निघून गेला. तिच्या वहीत नावे राहिली आणि तिच्या बांगड्या गेल्या. पुढे ती डबे देऊन सावरली.

अखेरीस बदलापूरला भाच्याकडे असताना तिला माणसे ओळखू येत नव्हती, मला ती शेजारीण समजे. मात्र आचेचा वास आला की ती उठून बसे आणि “दुसऱ्या पाळीची माणसे आली का?” असे विचारी. आम्ही “अजून यायची आहेत” असे सांगत असू. एकदा माझ्या सुनेने खरे ते सांगितले आणि ताई दिवसभर जेवली नाही. तेव्हापासून घरात सर्वांनी एकच उत्तर ठरवून ठेवले होते.

वेदगंगा

आम्ही निपाणीकडचे. माझी बहीण तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी ती घरी आली की आधी अंगणात पदर झटके, आणि आम्हा लहानांना त्या खकाण्याने शिंका येत. भाकरी थापण्याआधी ती चुलीतल्या राखेने तीनदा हात धुई. तरी तिच्या हातच्या भाकरीला किंचित कडूपणा असे आणि आम्हाला तीच चव भाकरीची वाटे. तिच्याबद्दल इतकेच लिहवते. दादा, तुमच्या अक्कांनी नळी काढून ठेवल्याचे वाचून पुढे वाचवेना.

मस्कतहून

मी इथे एकोणीस वर्षे आहे. ताईने इस्लामपुरात ब्लाउज शिवून आणि पिको-फॉल करून माझ्या अभियांत्रिकीची फी भरली. नोकरी लागल्यावर मी पैसे पाठवू लागलो, ते तिने माझ्याच नावाने ठेवले, हे मला ती गेल्यावर कळले. तिची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. त्यासाठी डाव्या हातावर शस्त्रक्रिया करून शीर जोडली होती. चार तास तो हात हलवायचा नसे आणि नुसते पडून राहणे तिला जमत नसे. म्हणून ती शेजारच्या खाटेवरच्या मुलीला तोंडी कटोरी ब्लाउजचे माप शिकवू लागली. तिच्या तेराव्याला ती मुलगी स्वतः शिवलेले ब्लाउज घालून आली होती आणि तिच्या दंडाशीही तीच पट्टी होती. मी तिच्याशी दोन वाक्येदेखील बोलू शकलो नाही.

तुळशीवृंदावन

पूर्वभाग, थोडे विषयाला सोडून विचारते. माझ्या सासूबाईंचाही ठसा उमटत नाही, त्या आयुष्यभर शेतात राबल्या. चेहऱ्याच्या दाखल्यासाठी त्यांना केंद्रावर न्यावे लागते का?

पूर्वभाग सोलापूर

तुळशीवृंदावन, नेण्याची गरज नाही, घरी बसून होते. आधार, निवृत्तिवेतनाचा क्रमांक आणि बँक खाते जवळ ठेवा, आणि दिवसा उजेडाकडे तोंड करून बसवा. आमच्याकडे दिव्याच्या उजेडात दोनदा फसले होते. त्यांना आधी सावकाश समजावून सांगा आणि दमवू नका.

पळसफूल, सत्तरची गोष्ट वाचली आणि आठवले. अक्का नवे पुडके सोडताना पाने मोजत असे. भरले की “पूर्ण आहे” असे तेलुगूत पुटपुटे, आणि ते आम्हाला ऐकवण्यासाठी नसे. पाने बांधणारी बाई कोण, कुठली, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मस्कतहून लिहिणाऱ्या दादांना काय लिहावे ते सुचत नाही. माझ्याही नावाची एक ठेव पावती त्या डब्यात निघाली. ती मी मोडलेली नाही.

वेदगंगा, आमच्या घरातही पाण्याच्या तांब्यापासून पांघरुणापर्यंत तोच वास होता. अक्काची कात्री सून वापरते. परवा तिने तिला धार लावून आणायला काढली, तेव्हा पात्यांच्या खिळ्याशी पानाचा काळा चुरा निघाला. तिने तो पुसला नाही, कात्री तशीच कागदात गुंडाळून ठेवली आहे.

मोगरा

ताईशी बोलले. तासभर बोललो. तिचे गुडघे दुखतात हे ती मला आज पहिल्यांदा बोलली. रविवारी जाते आहे तिच्याकडे.