पाण्याचे रेणू एकमेकांना का धरतात? मुलीला कसं समजावू, सुचवा

नववीची आई:
मुलीचा प्रश्न: "रेणूवर एकूण भार शून्य, मग त्याला दुसऱ्या रेणूची ओढ कशाला?" 'हायड्रोजन बंध' हे नाव तिला पाठ आहे, पण नावाने समाधान होत नाही. घरी करण्याजोगं काही सुचवाल का? घासलेल्या कंगव्याने नळाची धार वाकवू म्हणते.

प्रयोगवही:
ताई, धार जरूर वाकवा, पण पुरावा म्हणून नको. कंगव्याच्या भारामुळे धारेतच विरुद्ध भार जमतो, वाकण्याचं मोठं कारण ते. त्यापेक्षा स्वच्छ, कोरडं नाणं घ्या. ड्रॉपरने एकेक थेंब सोडा आणि तिला डोळे नाण्याच्या पातळीला आणून बाजूने बघू दे. पाणी काठापाशी येऊन थांबतं, मग वर फुगत जातं. आता सांडणार असं वाटतं तरी सांडत नाही. मग साबणात बुडवलेलं काडीचं टोक फुगवट्याला नुसतं टेकवा. क्षणात सगळं ओघळतं, कारण साबण पृष्ठभागावरच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सैल करतो.

जुना मास्तर:
नाण्याचा प्रयोग मीही करायचो, मुलं हरखून जातात. पण आधी तिच्या शंकेचं उत्तर द्या, शंका फार चांगली आहे. बेरीज शून्य असली तरी वाटणी सारखी नाही. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून तिकडे थोडा ऋण, हायड्रोजनांकडे थोडा धन. रेणू सरळ असता तर दोन्हीकडच्या ओढींनी एकमेकींना रद्द केलं असतं, पण तो 104.5 अंशांत वाकलेला आहे, म्हणून त्याला दोन टोकं आहेत. एकाचा धन हायड्रोजन शेजाऱ्याच्या ऋण ऑक्सिजनकडे ओढला जातो, तोच हायड्रोजन बंध. हे मातीचे गोळे आणि काड्या घेऊन तिच्याच हातून करून घ्या. चुंबकवाली मॉडेलं वापरलीत तर खरी ओढ विद्युतभाराची, एवढं आवर्जून सांगा.

मग हायड्रोजन सल्फाइडचा विषय काढा, म्हणजे पाण्यासारखाच रेणू, पण ऑक्सिजनच्या जागी गंधक आणि ही पकड फारच दुबळी. रेणुभार 34, पाण्याचा 18. तरी तो उणे 60 अंशांना उकळतो आणि पाणी 100 ला! माझ्या मते याहून बोलकं उदाहरण नाही.

नववीची आई:
सर, नाण्यावरचा फुगवटा बघून ती ओरडलीच. आता विचारते, एवढं घट्ट धरतात तर पाणी वाहतं कसं?

जुना मास्तर:
एकेक बंध दुबळाच, रेणूच्या आतल्या बंधाच्या साधारण विसाव्या हिश्शाचा. द्रवात तो सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात तुटतो आणि लगेच नवा शेजारी धरतो. बर्फात मात्र प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून जागच्या जागी थांबतो, मध्ये पोकळी राहते, म्हणून बर्फ तरंगतो. तेही मातीच्या गोळ्यांनीच जोडून बघू दे तिला.