वॉर्मरवर बाळ गुलाबी, मॉनिटर मात्र बोंबलतंय

प्रश्न (एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षातल्या सिस्टर, हिंगोली): १४०० ग्रॅमचं बाळ वॉर्मरवर (वरून ऊब देणारा उघडा पाळणा), ऑक्सिजनवर, फोटोथेरपी (काविळीसाठीचा उजेड) चालू. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) मधूनच ८२ दाखवतं, बाळ तर गुलाबी. स्किन प्रोब (वॉर्मरचा, कातडीला चिकटवलेला तापमानाचा सेन्सर) ३५.६ म्हणतो, काखेत ३७.८. मानायचं कुणाचं?

लातूरहून: तापमानात काखेचं. प्रोब सुटला असणार. सुटलेला प्रोब हवा मोजतो, वॉर्मरला बाळ गार वाटतं आणि हीटर पूर्ण जोरात चालतो. पोटावर उजवीकडे, बरगडीच्या खाली लावा, हाडावर नको. वरून चमकी पट्टी. वॉर्मरचं सेटिंग ३६.५. पंधरा मिनिटांनी काख पुन्हा बघा. तरी उतरलं नाही तर डॉक्टरांना सांगा, संसर्गही असू शकतो. बाळ प्रोबवर झोपलं की उलटं होतं: आकडा खोटा चढतो, बाळ गारठतं.

परभणीहून: ८२ आलं की आधी स्टेथोस्कोपनं ठोके मोजा. मॉनिटरच्या पल्सशी जुळले तर ८२ खरं धरा, लगेच डॉक्टरांना बोलवा. गुलाबी रंगावर विसंबू नका हो, डोळा फसतो. जुळले नाहीत तर सॅच्युरेशनचा प्रोब बघा: दिवा न् सेन्सर समोरासमोर हवेत, आणि फोटोथेरपीचा उजेड आत शिरतो म्हणून वर कापड टाका. पट्टी आवळू नका, तीन-चार तासांनी जागा बदला.

लातूरहून: सॅच्युरेशनचा अलार्म मात्र बंद करू नका, वरच्या मर्यादेचा तर नाहीच. ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाला सॅच्युरेशन ९० ते ९५ पुरे. जास्तीच्या ऑक्सिजननं डोळ्याचा पडदा बिघडू शकतो. आणि ताई, मे महिन्यात कूलरचा झोत वॉर्मरवर येत नाही ना, तेवढं बघा.