मदत हवी आहे: शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत हंगामाची क्रमवारी कशी लावतात?

किनाऱ्याजवळच्या फ्लीट शर्यतींचे (होड्यांचा सगळा ताफा एकत्र धावतो त्या) निकाल लावायला शिकतोय. एका रेगाटाचं (अनेक शर्यती मिळून होणाऱ्या स्पर्धेचं) गणित जमतं: पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, सर्वांत कमी बेरीज तो विजेता. शर्यत पूर्ण न करणाऱ्या होडीला एकूण नोंदणीपेक्षा 1 जास्त. स्पर्धेच्या सूचनांत वेगळं काही नसेल तर एक सर्वांत वाईट निकाल वगळायचा. बरोबरी सोडवताना शेवटच्या शर्यतीपर्यंत जावं लागलं, तर तिथे वगळलेला निकालही धरतात (ही तरतूद मला फार न्याय्य वाटते). वर्ल्ड सेलिंगच्या (या खेळाच्या जागतिक संघटनेच्या) नियमांचं परिशिष्ट ए वाचलं आहे.

अडलंय ते अनेक रेगाटा जोडताना. 60 होड्यांतला पाचवा आणि 8 होड्यांतला पाचवा सारखाच धरला, तर मोठ्या फ्लीटमध्ये झुंजणाऱ्यावर अन्याय होतो. नोंदणीच्या संख्येने भागून पाहिलं, पण मग छोट्या स्पर्धेतल्या विजेत्याचं नुकसान होतं.

सगळ्या होड्या एकाच वर्गाच्या, प्रत्येकीवर दोघं, हँडिकॅप (होड्यांतला फरक भरून काढणारी वेळेची सवलत) नाही. मॅच रेसिंगची (दोनच होड्यांच्या लढतींची) क्रमवारी नकोय. प्रत्येकजण सगळ्या स्पर्धांना येईलच असंही नाही.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा: फ्लीटचा आकार आणि दर्जा गुणांत कसा धरता? आणि हंगामात मध्येच क्रू (होडीवरचा दुसरा साथीदार) बदलला तर आधीचे गुण स्किपरकडेच (होडीच्या प्रमुखाकडेच) राहतात, की दोघांच्या नावावर वेगवेगळे मांडता?