डोस वाढवण्याआधी अंडं बघा

रोहूच्या मादीला संप्रेरकाचं (हार्मोनचं) इंजेक्शन देऊनही तिने अंडी सोडली नाहीत, आता डोस वाढवू का, असं वर एका दादांनी विचारलंय. दादा, कृपा करून वाढवू नका. इंजेक्शनने अंडी तयार होत नाहीत, तयार असलेली पिकतात.

अंडं भरायला महिने लागतात. त्या काळात बीजांडकोशातून इस्ट्राडायोल हे संप्रेरक स्रवतं आणि त्याच्या हुकमावर यकृत बलकाचं प्रथिन बनवतं. पुढे एलएच, म्हणजे मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतून येणारं संप्रेरक, वाढलं की बीजांडकोश इस्ट्राडायोल कमी करतो आणि प्रोजेस्टेरॉनच्या कुळातलं दुसरं स्टिरॉइड बनवू लागतो. अंडं पिकतं ते यामुळे. त्याचं केंद्रक मधून कडेला सरकतं, मग विरघळतं. बारीक नळीने चार अंडी काढून, द्रावणात पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. केंद्रक अजून मधोमध असेल तर मादी तयार नाही, थांबा.

१९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हीरालाल चौधरींनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून रोहूच्या कुळातल्या कार्प माशांचं प्रजनन घडवलं, तेही याच एलएचच्या जोरावर. हल्लीच्या बऱ्याच तयार इंजेक्शनांत डोम्पेरिडोन हे डोपामिनला रोखणारं औषध असतं, कारण कार्पमध्ये डोपामिन हे मेंदूतलं रसायन एलएचला अडवून धरतं.