रिमोटच्या भांडणातून स्पॅनिश
स्पॅनिश क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत पण बोलायला तोंड उघडत नाही, असं शिकणारे बरेच जण म्हणतात, त्यावरून सांगतो. आमच्याकडे नाशिकला, इंदिरानगरात, मी आणि लेक दोघं शिकतोय. जेवणानंतर टीव्हीवर काय लावायचं ते स्पॅनिशमध्येच ठरवायचं, एवढाच नियम. परवा मी म्हणालो, 'पोन एल पार्तिदो', मॅच लाव. तिने रिमोट उशीखाली सारला आणि म्हणाली, 'नो, मे तोका आ मी', आता माझी पाळी! (शेवटचं 'मी' आपलं नव्हे बरं का, तिकडे ते 'मला'.)

मराठी माणसाला एक गोष्ट मात्र फुकटात मिळते. मला सिनेमा आवडतो, सिनेमे आवडतात. तसंच 'मे गुस्ता ला पेलिकुला', 'मे गुस्तान लास पेलिकुलास'. क्रियापद आवडत्या गोष्टीप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. इंग्रजीमार्गे गेलात की इथेच अडखळायला होतं, थेट मराठीतून घ्या. 'आ बेर' तर हुबेहूब आपलं 'बघू'.

रिमोटला स्पेनमध्ये 'मांदो' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बहुधा 'कोंत्रोल'. आमची आई फक्त 'मे दा इग्वाल', म्हणजे काहीही चालेल, एवढंच शिकली. ते म्हणते आणि स्वतःची मालिका लावून मोकळी होते.