मदत हवी आहे: मलप्रभेकाठचा हा दगड हातकुऱ्हाड आहे काय? आणि मुलांना आदिमानव शिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये समाज विज्ञान शिकवते, आणि विज्ञानाचे सर रजेवर असले की तो वर्गपण माझ्याकडेच येतो. प्रश्न जरा लांबलचक आहे, दोन-तीन गोष्टी एकमेकांत अडकल्यात, तेवढं सांभाळून घ्या.

नववीतल्या एका मुलाचं आजोळ रामदुर्ग तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. त्याच्या मामांनी शेततळं काढायला जेसीबी लावला होता, म्हणजे इकडं कृषी होंड म्हणतात ते. वरची काळी माती निघाल्यावर खाली नदीच्या गोट्यांचा थर लागला, चुनखडीनं एकमेकांना घट्ट चिकटलेला, जेसीबीचा दात पण अडकत होता म्हणे. त्या ढिगात मुलाला एक दगड दिसला. वर्गात मी अश्मयुग शिकवताना फळ्यावर हातकुऱ्हाडीचं, म्हणजे मुठीत धरून वापरायच्या दगडी हत्याराचं, चित्र काढलं होतं, ते त्याच्या डोक्यात बसलेलं, म्हणून त्यानं मामांच्या मोबाईलवरून फोटो काढून आणले. दगड तिथंच मामांच्या पडवीत ठेवलाय, शाळेत आणू नको म्हणून मीच सांगितलं.

फोटोवरून सांगते. तळहाताएवढा आहे, एका टोकाला निमुळता. दुसऱ्या टोकाला गोट्याची मूळ गुळगुळीत साल अजून तशीच आहे, हातात धरायला नेमकी तेवढीच. दोन्ही बाजूंनी कपचे काढल्याचे खोलगट डाग आहेत, एकावर एक चढलेले, आणि कडेनं बघितलं तर धार सरळ नाही, नागमोडी जाते. रंग तांबूस तपकिरी. एका ठिकाणी मात्र कपचा उडून आतला पांढरट राखाडी दगड दिसतोय, ते बहुतेक जेसीबीनं झालं असणार.

आता माझे प्रश्न.

एक, हे खरंच माणसानं घडवलेलं आहे काय, की नदीत आपटून असा आकार येऊ शकतो? कसं ओळखायचं?

दोन, कुणाला कळवायचं? मामा घाबरलेत. सरकारी माणसं आली की शेत जाईल असं त्यांना शेजाऱ्यांनी सांगितलंय. त्यांना त्रास होईल असं मला काही करायचं नाही, पण तो थर तसाच उकरून रस्त्यावर भर म्हणून टाकला तर ते पण बघवणार नाही ओ.

तीन, आणि हाच माझा खरा प्रश्न. पुस्तकात अश्मयुग चार-दोन पानांत उरकतं आणि मग लगेच हडप्पा. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून तर उत्क्रांतीचा भागच काढून टाकला. मुलं विचारतात, टीचर, माकडापासून माणूस झाला तर आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत? हा प्रश्न मला आवडतो, पोर विचार करतंय म्हणून विचारतंय, पण एका वाक्यात उत्तर देऊन त्याचं समाधान होत नाही असं मला दरवेळी जाणवतं. शिवाय मुलांना वाटतं की हे सगळं आफ्रिकेत आणि युरोपात घडलं. मला त्यांना सांगायचंय की आपल्याच मलप्रभेच्या आणि घटप्रभेच्या काठावर रॉबर्ट ब्रूस फूट फिरला होता, तोच, ज्यानं 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला भारतातली पहिली पुराश्मयुगीन हातकुऱ्हाड ओळखली. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी हीच खोरी पायाखाली घातली, आर. व्ही. जोशींनी मलप्रभेचं खोरं आणि आर. एस. पप्पूंनी वरच्या कृष्णेचं. बदामी तालुक्यातलं ख्याड, घटप्रभेवरचं अनगवाडी ही गावं अभ्यासकांना माहीत आहेत आणि तिथून काही तालुके अलीकडं राहणाऱ्या आमच्या मुलांना माहीत नाहीत, हे मला फार लागतं.

कुणी शिकवलं असेल, संशोधन केलं असेल तर सविस्तर लिहा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

प्रतिसाद १

ताई, गावाचं नाव दिलं नाही ते फार बरं केलं. नेटवर ठिकाण टाकलं की हौशी लोक पिशव्या घेऊन पोचतात.

मी पुण्याला पुरातत्त्व शिकलो, आता निपाणीला असतो. फोटोवरून शिक्का मारता येत नाही, दगड हातात घेऊन फिरवून बघावा लागतो, पण तुम्ही वर्णन केलंय ते बरोबर जागी बोट ठेवणारं आहे. दगडावर एका ठिकाणी नेमका फटका बसला की कपचा निघतो आणि फटक्याच्या जागेखाली कपच्यावर एक फुगवटा येतो, गाभ्यावर, म्हणजे उरलेल्या दगडावर, त्याचाच उलटा खळगा राहतो. नदीत आपटूनपण असे एक-दोन कपचे निघतात. पण ते कुठंही निघतात, कसेही. माणूस काढतो तेव्हा त्यात क्रम असतो, इकडून एक, दगड उलटा करून तिकडून एक, आणि सगळे कपचे एकाच कडेकडं जातात. तुमची ती नागमोडी धार त्यामुळंच येते. अजून एक बघा, सगळ्या डागांचा रंग आणि झीज सारखी आहे काय. नदीत आपटलेल्या गोट्यावर काही डाग ताजे, काही झिजून गुळगुळीत झालेले, अशी सरमिसळ असते. जेसीबीचा पांढरट डाग तुम्ही स्वतःच वेगळा ओळखलाय, तीच नजर बाकीच्या डागांवर लावा.

फोटो परत काढायला सांगा: दोन्ही बाजू, कडेनं, आणि टोकाकडून. शेजारी पट्टी ठेवा. उजेड एका बाजूनं तिरका पडू दे, म्हणजे डागांच्या कडा उठून दिसतात. दगड घासून धुवू नका. कागदात गुंडाळून चिठ्ठी ठेवा, कुठल्या शेतात, किती खोलीवर, कुणाला, कधी सापडला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळ्याची जी उभी भिंत राहिलीय तिचा फोटो, काळी माती कुठं संपते आणि गोटे कुठं सुरू होतात ते दिसेल असा. ढिगातला दगड म्हणजे अर्धी माहिती गेलीच, थर अजून जागेवर आहे. तिथून स्वतः काही उकरून काढू नका, पुरातत्त्वाचं उत्खनन परवानगीशिवाय करता येत नाही.

मुलं "कार्बन डेटिंग करून आणा टीचर" म्हणतीलच. ते इथं चालत नाही. कार्बन डेटिंगला कोळसा, हाड, लाकूड असं काहीतरी लागतं आणि ते साधारण 50,000 वर्षांपर्यंतच पुरतं. अशी हत्यारं त्याच्या किती तरी आधीची असू शकतात. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी जे सुमारे 15 लाख वर्षं वय काढलं, ते गाडल्या गेलेल्या दगडातल्या ॲल्युमिनियम आणि बेरिलियमच्या किरणोत्सारी अणूंवरून. यादगीर जिल्ह्यात इसामपूरला के. पद्दय्यांनी हत्यारं घडवायची जागाच खणून काढली, तिथं जनावरांच्या दातांच्या एनॅमलवरून सुमारे 12 लाख वर्षं आलंय. म्हणजे आपल्याच राज्यात की.

कळवायचं म्हणाल तर राज्याचं पुरातत्त्व, संग्रहालय आणि वारसा खातं आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं धारवाड मंडळ आहे. पत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीनं द्या आणि पोचपावती घ्या. मामांना सांगा, एक दगड सापडला म्हणून शेत जात नाही. जागा राष्ट्रीय संरक्षित स्मारक करायची तर आधी अधिसूचना काढून दोन महिने हरकतींसाठी द्यावे लागतात, रात्रीत काही होत नाही.

प्रतिसाद २

मी गोकाकचा. दगडाबद्दल थोडं लिहितो, कारण भूगोलाच्या तासाला हे सोन्यासारखं आहे. तुमच्या बाजूला खानापूर-बेळगावला जांभा आणि डेक्कन ट्रॅपचा काळा दगड. इकडं गोकाकला, तिकडं सौंदत्तीला, रामदुर्गाला कलादगीचा वालुकाश्म आणि क्वार्टझाइट. गोकाकचा धबधबा पडतो तो याच दगडाच्या कड्यावरून, यल्लम्माचा डोंगर पण तोच. क्वार्टझाइट कडक, फोडला की धार येते आणि ती धार टिकते. काळा दगड हवापाण्यानं झिजतो, धार बोथट होते. महाराष्ट्रात गोदावरी-प्रवरेकडं आदिमानवानं काळ्या दगडातली डोलेराइटसारखी कडक जात निवडली, इकडं क्वार्टझाइट. म्हणजे दगड निवडायची अक्कल होती बघा. मुलांना दोन्ही दगडांचे तुकडे आणून दाखवा, रस्त्याकडेच्या खडीत मिळतात, त्याला कुणाची परवानगी नको.

पण वर्गात मुलांना दगड फोडायला देऊ नका हं. हौस येते, मला माहीत आहे. कपचा डोळ्यात जातो आणि क्वार्टझाइटची धूळ फुप्फुसाला वाईट. करायचंच तर एका मोठ्या माणसानं, गॉगल घालून, उघड्यावर, मुलं लांब.

प्रतिसाद ३

टीचर, मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) प्राणिशास्त्र शिकवते, माकडाचा प्रश्न मला दरवर्षी येतो. मी सांगते, माकड आपलं आजोबा नाही, चुलत भावंड आहे. चुलत भाऊ पुढं जाऊन तुम्ही होत नाही, दोघांचा आजोबा एक होता एवढंच. चिंपांझी आणि आपला सामाईक पूर्वज साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वीचा, बाकीच्या माकडांचा त्याच्याही खूप आधीचा.

आणि ते एका ओळीत वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतचं चित्र भिंतीवर असेल तर काढून ठेवा. त्यानं जेवढं बिघडवलंय तेवढं कशानंच नाही. आधी मेंदू मोठा झाला आणि मग आपण उभे राहिलो असं मुलांना वाटतं. उलट आहे. जिचा सांगाडा इथिओपियात 1974 ला सापडला ती ल्यूसी 32 लाख वर्षांपूर्वीची, मेंदू चिंपांझीच्या आसपासचा, पण दोन पायांवर चालायची. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं तर 36 लाख वर्षांपूर्वीची, अंगठा आपल्यासारखा बाकी बोटांच्या रांगेत. मी मुलांना पाय ओले करून मैदानातल्या धुळीत चालायला लावते, मग त्याशेजारी चिंपांझीच्या पावलाचं चित्र ठेवते, बाजूला गेलेल्या अंगठ्याचं. बोलायची गरजच पडत नाही.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच माणूस होता हेही खरं नाही. सुमारे 3 लाख वर्षांपूर्वी मोरोक्कोत जेबेल इरहूदला आपल्या, म्हणजे होमो सेपियन, जातीचे सुरुवातीचे लोक होते, दक्षिण आफ्रिकेत होमो नालेदी, युरोपात निअँडरथल, या माणसाच्या वेगळ्या जाती. निअँडरथल तर पूर्ण गेलेच नाहीत, आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएत त्यांचा साधारण दोन टक्के अंश आहे, तुमच्या-माझ्यातपण. त्या जुन्या डीएनएच्या कामासाठी स्वांते पाबोंना 2022 चं नोबेल मिळालं.

कवट्यांचे साचे महाग पडतात. स्मिथसोनियनच्या वेबसाइटवर थ्रीडी मॉडेल फिरवून बघता येतात, स्मार्ट क्लास असेल तर तेवढ्यात भागतं. सहल काढणार असाल तर बळ्ळारीला रॉबर्ट ब्रूस फूट संगनकल्लू पुरातत्त्व संग्रहालय बघा, लांब पडतं पण मुक्कामी सहलीत हंपीबरोबर बसतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मामांशी फोनवर बोलले. दोन महिन्यांची गोष्ट सांगितल्यावर आवाज जरा सैल झाला त्यांचा. भिंतीचा फोटो मिळालाय, काळ्या मातीची आणि गोट्यांची रेघ अगदी स्वच्छ दिसते. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरायच्या आत कुणी जाणकार येऊन बघून गेलं तर बरं, म्हणून पत्र लगेच देतोय, मुख्याध्यापक तयार आहेत.

वर्गासाठी एक ठरवलंय, ते बरोबर आहे काय तेवढं तपासून सांगा. मैदानात 70 मीटर दोरी लावायची, एक मीटर म्हणजे एक लाख वर्षं. एका टोकाला आज, दुसऱ्या टोकाला चिंपांझीपासून आपली वाट वेगळी झाली ती वेळ. ल्यूसी 32 मीटरवर. अत्तिरमपक्कम 15 मीटर, इसामपूर 12. जेबेल इरहूद 3 मीटर. इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची राख, जी आंध्रात ज्वालापुरमला सापडते, ती 74 सेंटीमीटरवर. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची जुनी शेतकरी वस्ती साडेतीन सेंटीमीटरवर. आणि बदामीची लेणी, जी मुलांना फार म्हणजे फारच जुनी वाटतात, ती दीड सेंटीमीटरवर! बोटाचं एक पेरसुद्धा नाही. मी स्वतः हे मोजलं तेव्हा गप्पच बसले. आपल्या मलप्रभेच्या दगडाला मात्र दोरीवर जागा देणार नाही, वय काढल्याशिवाय द्यायचीच नाही, मुलांच्या हातात प्रश्नचिन्हाचा कागद देऊन त्यांना उभं करणार. दगड कुणी घडवला असेल हे पण विचारतील, तेव्हा नर्मदेकाठच्या हथनोऱ्याची कवटी सांगेन, अरुण सोनकियांना 1982 मध्ये मिळाली ती. एवढ्या हत्यारांच्या देशात तेवढ्या जुन्या माणसाच्या हाडाचा पुरावा इतका थोडा आहे, म्हणून घडवणारा कोण ते ठामपणे सांगता येत नाही, हे मुलांना तसंच सांगावं असं मला वाटतं.

अजून दोन मदती. आमची एक माजी विद्यार्थिनी बीएस्सीला आहे, भूगर्भशास्त्र घेऊन, तिला पुरातत्त्वात जायचंय. एमएला विज्ञानाचे विद्यार्थी घेतात काय, आणि पुणं बरं की धारवाड, हे निपाणीच्या दादांनी सांगावं, घरचे लांब पाठवायला कचरतायत.

आणि दुसरी. शेतकऱ्यांसाठी एक पानी माहितीपत्रक काढायचंय, असा दगड दिसला तर काय करायचं, काय नाही करायचं, फोटोसकट. मराठी मजकूर मी लिहिते. पण मामांच्या गावात वाचणारे सगळे कन्नडच वाचतात, तेव्हा एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असं छापायचंय. माझं कन्नड बोलण्यापुरतं ठीक आहे, लिहायला कच्चं. कुणी कन्नड शिक्षक मित्र असतील तर जोडून द्या की. मजकुराचा कच्चा खर्डा रविवारपर्यंत इथंच टाकते, चुका दिसल्या तर छपाईच्या आधी सांगा.